दोंडाईच्याची काच

दोंडाईच्याच्या शेठजींच्या टीव्हीची काच तुमच्या हातून तडकली नाही. आधी एवढं सांगून टाकते, मग बाकीचं. उलट्या क्रमाने बोलायला घेतलं तर नेहमीसारखं बाकीचंच बोलत बसेन आणि हे राहून जाईल. गेले दहा महिने ते तसंच राहिलंय. तुम्हाला जाऊन आज सत्तावीस दिवस झाले. मुलगी परवा नाशिकला परत गेली, ती असेपर्यंत घरात आवाज होता. आता मधल्या खोलीत बसले की गल्लीतून जाणारी रिक्षासुद्धा आपल्याच दारी थांबतेय असं वाटतं. थांबत नाही.

सुतक फिटलं त्या दिवशी, गंधमुक्तीला, जळगावचे रमेशभाऊ आले होते. तुमच्याच धंद्यातला माणूस, तुमच्याबद्दल वाईट बोलायचं त्यांच्या मनातही येणार नाही. बाहेर बसलेल्या चार लोकांना ते सांगत होते की नानांसारखा टीव्हीच्या ट्यूबचा माणूस खान्देशात दुसरा नव्हता, पण शेवटी शेवटी बिचाऱ्यांचा हात गेला. दोंडाईच्याची काच त्यांच्या हातून तडकली आणि तेव्हापासून त्यांनी ट्यूबला हात लावला नाही. लोकांनी माना हलवल्या. मी दारात आले. सांगणारच होते. तोंड उघडलं आणि विचारलं, बिनसाखरेचा चहा कोणाकोणाला? हे माझं धैर्य. तुम्ही असता तर हसला असता, आणि मग रमेशभाऊंना स्वतःच म्हणाला असता की हो, गेला हात.

तेच तर मला सहन होत नाही. तुम्ही ते मान्य करून बसला होतात.

तुमचं काम मला कळायला किती वर्षं लागली. मी पहूरची, आमच्याकडे रेडिओ अडला की वडील त्याला दोन चापट्या मारायचे, तो चालू झाला की दुरुस्ती संपली. तुम्ही मला एकदा जेवणाच्या टेबलावर टाकलेली काच दाखवून समजावलंत. म्हणालात, जुन्या काही ट्यूबच्या तोंडावर अशीच आणखी एक काच चिकटवलेली असते. आत हवा नसते, नुसती पोकळी, त्यामुळे ट्यूब फुटली तर तुकडे सुटतात. ते समोर बसलेल्याच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून ही वरची काच. दोन काचांच्या मधे डिंकासारखा थर असतो आणि चाळीस-पन्नास वर्षांत तो नासतो. कोपऱ्यांतून पांढुरके डाग आत सरकायला लागतात, आणि बातम्या सांगणाऱ्या बाईच्या गालावर कोणीतरी पिठाचा हात पुसल्यासारखं दिसतं. धंद्यातले लोक त्याला मोतीबिंदू म्हणायचे. लोकांना वाटायचं ट्यूब मेली. तुम्ही ट्यूबवर टिचकी मारून म्हणायचात, "बठ्ठं चांगलं शे, नुसता डिंक सडी ग्या." आणि असं काही खूश व्हायचात की जणू सासऱ्यांची तब्येत सुधारल्याची तार आली.

रावेरची ट्यूब आठवते का? लग्नाला दोन वर्षं झाली असतील. केळीच्या एका व्यापाऱ्याकडचा जुना संच तुम्ही ट्यूबसाठी मागून घेतला आणि ट्यूब केळीच्या वाळलेल्या पानांत गुंडाळली, वर माझ्या माहेरची गोधडी. एसटीत तुम्ही ती मांडीवर घेऊन बसलात, एक हात खाली, एक वर, आणि खड्डा आला की स्वतः उसळायचात पण तिला हलू द्यायचा नाहीत. समोरच्या बाईने मला विचारलं, कितवा महिना चालूय बाळाला, आणि बाप घेऊन बसलाय ते बरं. मी लाजले. तुम्ही मात्र शांतपणे सांगितलंत की वय बरंच आहे तिचं, पण मान अजून धरत नाही. ती बाई भुसावळपर्यंत आपल्याकडे बघत होती.

मान धरायची नाही, हा तुमचा पहिला नियम. ट्यूब कधी मागच्या नळीला धरून उचलायची नाही, तोंडाला दोन्ही हातांनी धरायची. दुसरा नियम विजेचा. टीव्ही बंद करून आठवडा झाला तरी ट्यूबच्या पोटात वीज राहते, म्हणून डावा हात पाठीमागे आणि उजव्या हातात प्लॅस्टिकच्या मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर, त्याला अर्थिंगची तार. तो ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली सरकवला की चट् असा आवाज यायचा. मग तुम्ही चहा मागायचात. मला आधी वाटायचं, घाबरून मागतात. चहा झाला की पुन्हा तेच करायचात, आणि बऱ्याचदा पुन्हा एक बारीक चट् यायचा. तुम्ही म्हणायचात, पहिल्यांदा विचारलं की ती सगळं देत नाही, थोडं मागे ठेवते, म्हणून तिला दोनदा विचारावं.

बाकीचं काम उन्हाचं. पुण्या-मुंबईचे लोक तो डिंक गरम हवेच्या मशीनने मऊ करतात, तापलेल्या तारेने कापतात, तुम्हाला ते पटायचं नाही. एकाच जागी उष्णता बसली की काच रुसते, हे तुमचं म्हणणं. धुळ्याचं ऊन फुकट पडतंय आणि सगळीकडे सारखं पडतंय. म्हणून गच्चीवर ते उंच खोकं, आतून काळा पत्रा, मधे मोटारसायकलचं जुनं टायर, त्यावर गोधडी आणि त्यात तोंड वर करून ठेवलेली ट्यूब. वर काळं फडकं. शेजारी कापडावर माझ्या बिबड्या, आमच्याकडचे ज्वारीचे पापड, वाळत असायच्या. चैत्र-वैशाखात आपल्या गच्चीवर एका बाजूला ज्वारीचं पीठ आणि दुसऱ्या बाजूला टीव्ही, असा संसार होता आपला. दुपारी डिंक मऊ झाला की तुम्ही मला हाक मारायचात. जाड चष्मे लावून, कातडी हातमोजे घालून आपण समोरासमोर बसायचो आणि मासेमारीचा नायलॉनचा दोरा दोन काचांच्या मधे घालून आळीपाळीने ओढायचो. जात्यावर दोघी बसतात तसं. बोलायचं नाही, घाई करायची नाही. एवढा वेळ एकमेकांकडे बघत आपण दुसऱ्या कुठल्याच कामाला बसलो नाही. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही, पण मला ते आवडायचं. भीती वाटायची आणि आवडायचंही.

भीती कधीपासून, ते तुम्हाला माहीत आहे. दुकानात ती एक ट्यूब मानेपाशी मोडून फुटली तेव्हापासून. तुम्ही चष्मा लावला होता, अंगावर गोधडी ओढलेली होती, तुम्हाला खरचटलंसुद्धा नाही. घरी येऊन तुम्ही पहिलं काय सांगितलंत, तर नियम पाळले म्हणून वाचलो, बघ. मी ती गोधडी दुरुस्तीला घेतली आणि तीन दुपारी तिच्यातून काचेचे कण वेचत बसले. सुईच्या टोकाने एकेक कण काढून वाटीत टाकायची. छातीच्या जागी सगळ्यात जास्त होते. त्यानंतर मी तुमच्याशी भांडायला लागले. टीव्ही आता भिंतीवर टांगतात, चार बोटं जाडीचे असतात, कोणाला पाहिजेत तुमच्या ह्या ट्यूब? तुम्ही म्हणायचात, ज्याला पाहिजे तोच येतो, आणि तो येतो तेव्हा त्याला दुसरं कोणी नसतं. मी म्हणायची, मलाही दुसरं कोणी नाही. मग तुम्ही उठून दुकानात जायचात. हे भांडण आपण बारा-तेरा वर्षं केलं आणि त्यात दोघांनीही एक नवीन वाक्य घातलं नाही.

आता गेल्या मे महिन्याचं.

शेठजींचा तो लाकडी पेटीतला संच त्यांच्या मोठ्या काकांनी परदेशातून आणलेला. चारही कोपऱ्यांत डाग, मधे जेमतेम ताटाएवढी जागा स्वच्छ. तुम्ही ट्यूब बाहेर काढली, वीज काढली, चहा घेतला, पुन्हा वीज काढली. दोन दिवस ऊन दिलं. तिसऱ्या दिवशी बारा वाजता मी वर बिबड्या सोडवत होते. मुलीचा फोन आला म्हणून तुम्ही खाली गेलात. जाताना म्हणालात, लक्ष ठेव, कावळा बसायला नको.

मी बघितलं तर काळं फडकं एका कडेला काचेला चिकटलेलं. डिंक मऊ होऊन बाहेर आला होता आणि कापडात शिरला होता. मला वाटलं, आता हे येतील, हे सोडवण्यात तासभर जाईल, ऊन उतरेल, म्हणजे आणखी एक दिवस ती ट्यूब वर राहणार. माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. बिबड्या कापडावर वाळून चिकटल्या की कापड उलटं करून पाठीवर पाणी शिंपडायचं, क्षणभर थांबायचं, मग बिबडी आपोआप सुटते. आईने शिकवलेलं, चाळीस वर्षांचं. तापलेल्या काचेला ओला हातसुद्धा लावायचा नाही, हे तुम्ही मला शंभरदा सांगितलं होतं आणि ते मला पाठ होतं. पण हाताला बिबड्याच पाठ होत्या. मी चिकटलेल्या कडेवर ओंजळभर पाणी मारलं.

टक्. सुपारी फुटावी एवढाच आवाज. फडकं मी उचललं नाही, उचलायची गरजच नव्हती. मी तांब्या घेऊन खाली गेले, स्वयंपाकघरात जाऊन गॅसपाशी उभी राहिले. तुम्ही फोनवर मुलीला आंब्यांचं विचारत होतात. दहा मिनिटांनी वर गेलात. धुळ्याच्या मे महिन्यात काळ्या कापडावरचं पाणी दहा मिनिटं राहत नाही. वरची काच एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत तडकत गेली होती, आतली ट्यूब शाबूत होती. तुम्ही मला हाक मारलीत. आवाजात राग नव्हता.

"तू व्हती ना वर? काय व्हयनं?"

"मी खाले व्हती. कुकरकडे."

तुम्ही काचेकडे बघत राहिलात. मग म्हणालात, "मंग मन्हंच चुकनं." ट्यूबला दोनदा विचारणारे तुम्ही, मला एकदाच विचारून थांबलात. त्या क्षणी आणखी एकदा विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगते. खरं काय ते मला माहीत नाही.

त्या दिवशी मी घाबरून खोटं बोलले. ते एक वेळ समजण्यासारखं आहे. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात की आता पुरे, हात राहिला नाही, ह्या कामाला आता हात नको. तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. लाज वाटली आणि बरंही वाटलं. बारा वर्षं भांडून जे झालं नाही ते एका ओंजळीने झालं. आता खरं सांगितलं तर तुम्ही पुन्हा गच्चीवर जाल, म्हणून मी गप्प राहिले. आज सांगू, उद्या सांगू असं नव्हतं ते. मी ठरवून गप्प राहिले. तुम्ही जिवंत राहावेत म्हणून तुमचा हात मी तुमच्याकडून काढून घेतला आणि वर तुम्हाला वाटू दिलं की तो आपोआप गेला.

शेठजींचं काम तुम्ही तरीही पूर्ण केलंत. मी तेव्हा दोरा ओढायला नव्हते, डोकं दुखतंय म्हणाले होते. तडकलेली काच काढलीत, डिंक लाकडी चमच्याने आणि स्पिरिटने साफ केलात, तशी बाकदार काच आता मिळत नाही म्हणून पेटीच्या तोंडाला न फुटणारं जाड प्लॅस्टिक बसवून दिलंत. शेठजी म्हणत होते की राहू द्या की उघडीच, चित्र छान दिसतंय. तुम्ही ऐकलं नाहीत. समोर आडोसा असल्याशिवाय मी टीव्ही माझ्या दुकानातून बाहेर जाऊ देत नाही म्हणालात. आणि मग खोकं मोडून त्याच्या फळ्यांची कुंड्यांसाठी घडवंची केलीत.

त्यानंतर तुम्ही रिमोट दुरुस्त करायचात. मिक्सर करायचात. संध्याकाळी लवकर घरी यायचात, आपण टीव्ही बघायचो, तो भिंतीवरचा. मी बघत होते की तुम्ही बघत नाही आहात. एकदा हात पुढे धरून त्याच्याकडे बराच वेळ बघत होतात, थरथरतोय का ते पाहायला. नव्हता थरथरत. मी भाजी निवडत समोर बसले होते. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तुम्ही हात खाली घेतलात आणि म्हणालात, मेथी आज चांगली मिळाली. मी म्हटलं, हो.

आणि एवढं करूनही तुम्ही गेलातच. गच्चीवर नाही, काचेने नाही. सकाळी दाढी करता करता खुर्चीत बसलात आणि संपलं. डॉक्टर म्हणाले हृदय. मग मी राखलं तरी काय?

रमेशभाऊ गेल्यावर मला झोप येईनाशी झाली. शेवटी मी ठरवलं, रमेशभाऊंना सांगायचं ते नंतर, आधी ज्यांची काच होती त्यांना. काल सकाळच्या एसटीने दोंडाईच्याला गेले. एकटीने एवढ्या लांब पहिल्यांदाच, तुम्हाला खरं वाटणार नाही. खिडकीची जागा मिळाली, शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी होती. शेठजींच्या दुकानात मिरचीची पोती भिंतीपर्यंत लागलेली, आत पाऊल टाकलं आणि मला शिंका सुरू झाल्या. त्यांनी पाणी दिलं, मागच्या खोलीत नेऊन बसवलं. तिथं तो संच होता. त्यांनी काही न विचारता लावला. कुठल्यातरी मंदिरातली आरती चालू होती. चारही कोपरे बघितले मी. एक डाग नाही. ज्या माणसाचा हात गेला होता त्याने केलेलं काम ते.

मी सगळं सांगितलं. बिबड्या, तांब्या, पाणी, कुकर. सांगताना शिंका येत होत्या म्हणून रडू आलेलं वेगळं दिसलं नसेल. काच मी तडकवली शेठजी, आणि नानांनी ती स्वतःच्या नावावर घेऊन टाकली, हे लोकांना कळलं पाहिजे, असं म्हटलं.

शेठजींनी आरतीचा आवाज कमी केला. मग म्हणाले की पाण्याचं त्यांना आजच कळतंय, नानांना कधी कळलं होतं की नाही ते देवाला माहीत. पण दिवाळीच्या आधी ते तुमच्याकडे धुळ्याला आले होते. त्यांच्या साडूंकडे तसाच आणखी एक संच होता, तुम्हीच करावा असं त्यांचं म्हणणं. तुम्ही नाही म्हणालात. ते म्हणाले, नाना, एक काच गेली म्हणून हात गेला असं कोण म्हणतं? मला ह्यातलं काहीच तुम्ही सांगितलं नव्हतं, ते आले होते हेसुद्धा नाही. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते शेठजींनी तुमच्याच बोलीत, तुमच्यासारखंच मान खाली घालून सांगितलं.

"हात चांगला शे शेठ. पन वर ट्यूब ऱ्हायनी का ती जेवस नही."

ती म्हणजे मी. समोर आरती चालूच होती. मग शेठजींनी माणूस बरोबर देऊन मला स्टँडपर्यंत सोडलं.

येताना सगळा रस्ता मी तुमच्यावर चिडले होते. माझ्याकडे इतकं लक्ष होतं तर कधी बोलला का नाहीत? मला वाटायचं की वर ट्यूब असेल त्या दिवशी मी ताट वाढून घेते, दोन घास चिवडते, उठते, हे कोणाच्याच ध्यानात येत नाही. तुम्ही तर खाली मान घालून जेवायचात. आणि हात चांगला होता तर माझ्यासमोर गेला गेला का म्हणालात? मला वाईट वाटू नये म्हणून? मग त्या संध्याकाळी हात पुढे धरून कशाकडे बघत होतात? मी तुमच्यापासून लपवत होते, तुम्ही माझ्यापासून, आणि नऊ महिने एका खोलीत बसून आपण मेथीबद्दल बोललो. रमेशभाऊंना मी आज फोन करून सांगितलं. ते हो हो म्हणाले. त्यांना काय समजलं कोण जाणे, पण सांगितलं.

आज दुपारी गच्चीवर गेले. गच्ची रिकामी आहे, ऊन सगळीकडे सारखं पडलंय. खाली येऊन भात टाकला, वरण केलं, ताट वाढून घेतलं. वर काहीच नाही अहो आता, एकही ट्यूब नाही. तरी घास उतरत नाही.